गिअरबॉक्स गेलेला नाही

तलासरीच्या अलीकडे गाडी चढाला लागली आणि शितलच्या लक्षात आलं, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी मात्र जेमतेम पुढे सरकतेय. कसाबसा माथा गाठल्यावर तिने पाय उचलला, गाडीला आपल्या वेगाने पलीकडचा उतार उतरू दिला आणि हायवेच्या कडेला पहिलं गॅरेज दिसलं तिथे आत घेतली. खाली उतरून मागे पाहिलं, तर तिच्या गाडीमागे लाल थेंबांची रांग उमटली होती.

शितल पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होती. राहायला चिखल्याला. आज उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावर गुरांना लाळ-खुरकुताची लस टोचायची होती आणि लस मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत होती. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला होता. त्या पायाने क्लच दाबणं जमणारं नव्हतं, म्हणून तिने जुनीच पण ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडीसोबत आलेलं पुस्तक तिने तीनदा वाचून काढलं होतं. डहाणूत बॉनेट उघडलं की बहुतेक मेकॅनिक मान हलवून बंद करत. मग आपल्यालाच कळायला हवं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गॅरेजवाल्याचं नाव हिरू. पन्नाशीचा, अंगाने काटक. वीस वर्षं ट्रॅक्टर आणि टेम्पोच दुरुस्त करत आलेला. त्याने वाकून थेंब पाहिले, बोटाने चोळले.

"मॅडम, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला तुमचा. वापीला ओढत न्यावी लागेल. आपल्याकडं नाय होत हे."

"गिअरबॉक्स गेलेला नाही, हिरूभाऊ. तेल गेलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

शितलने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली आणि त्याच्यासमोर धरली. खुणेच्या कितीतरी खाली तेल होतं. "वास घ्या. जळका आहे?"

हिरूने वास घेतला. "नाय."

"दुधासारखं पांढरटही झालेलं नाही. म्हणजे रेडिएटरचं पाणीही मिसळलेलं नाही. दोन दिवसांपूर्वी आशागडला रेडिएटर बदलून घेतला. या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल दोन पाइपांनी रेडिएटरमध्ये येतं, थंड होतं आणि परत जातं. तिथेच कुठेतरी गळतंय. तुम्ही फक्त गाडी उचला."

हिरू जॅक आणायला गेला.

तेवढ्यात तिने आशागडच्या मेकॅनिकला, प्रविणला फोन लावला. रेडिएटर त्यानेच बसवला होता.

"ताई, एक लिटर तेल टाका आणि इकडं या. मी बघतो," प्रविण म्हणाला.

"तेल टाकत टाकत आले, तर वाटेत खरोखरच गिअरबॉक्स जाईल. एवढंच सांग, पाइप जुनेच परत लावलेस का?"

"नवे नव्हते माझ्याकडं. म्हटलं, चालतील."

"बरं. खरं सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. राग आला होता, पण हातात काम असताना रागाला वेळ देणं तिला परवडणारं नव्हतं.

हिरूने गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे लावले. शितलने एक गोणपाट मागितलं. अधू पायाला आधारासाठी बांधलेला पट्टा सैल केला आणि पाठीवर झोपून सरकत गाडीखाली गेली.

"मॅडम, राहू द्या, मी बघतो!"

"तुम्हीपण या. दोघं बघू."

खालचा भाग सगळा तेलाने माखला होता, त्यात गळती कुठली ते ओळखू येईना. हिरूने चिंधीने सगळं कोरडं पुसलं. शितलने बाहेर येऊन ब्रेक दाबून इंजिन चालू केलं. मिनिटभरात खालून हिरूचा आवाज आला, "सापडली गळती!"

इंजिन बंद करून तीही परत खाली गेली. रेडिएटरच्या खालच्या टोकाला रबरी पाइप जिथे नळीवर चढवला होता, तिथून तेल झिरपत होतं. पाइप आवळणारा क्लॅम्प त्याच्या अगदी कडेला बसला होता आणि रबर तिथेच चिरलं होतं. पाइप नळीवर अर्धाच चढवलेला. हिरूने नखाने रबर दाबून पाहिलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं.

"पाण्यासाठी नवा रेडिएटर बसवला आणि तेलाची गळती सुरू करून दिली," हिरू म्हणाला आणि स्वतःशीच हसला. आता त्याला काम आपल्या हातातलं वाटू लागलं होतं.

त्याने कपाटातून रेडिएटरच्या पाण्याचा एक पाइप काढला. शितलने मान हलवली. "हा नको. पाण्याचा पाइप तेलात फुगतो. आठवड्यात मऊ पडेल."

हिरू थांबला. मग चुटकी वाजवून आत गेला आणि काळ्या जाड पाइपाचं एक वेटोळं घेऊन आला. "ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा, तेल टाकीत परत येतं त्या बाजूचा. तेलातच राहतो हा. भोक सारखंच आहे, बघा."

तिने पाइप नळीला लावून पाहिला. बरोबर बसत होता. "झकास! दोन्ही बाजूंचे बदलू. दुसराही तेवढाच जुना आहे."

पुढचं काम हिरूचं होतं आणि ते त्याने असं केलं की शितल बघतच राहिली. धारदार सुरीने पाइप सरळ कापला, नळीची टोकं घासून पुसली, पाइप नळीवरच्या उंचवट्याच्या पुढे पूर्ण चढवला आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या आत आणून बसवला. किती घट्ट करायचं, ते त्याच्या मनगटाला माहीत होतं.

तेलही निघालं. पॉवर स्टिअरिंगसाठी ठेवलेला लाल तेलाचा सीलबंद डबा होता. त्यावरचे अक्षर-आकडे शितलने पुस्तकाशी पडताळले, मगच झाकण उघडू दिलं.

एवढ्यात पाड्यावर गुरं गोळा करून थांबलेल्या पांड्याचा फोन आला. "मॅडम, गुरं बांधून ठेवलीत. सोडू का चरायला?"

"सोडू नका. दोन तासांत येते."

"येणार नक्की?"

"येणार म्हटलं ना!"

गाडी खाली घेतली. तेल थोडं थोडं करत ओतलं. इंजिन चालू ठेवून तिने ब्रेक दाबला आणि गिअर एकेका खाचेतून फिरवून परत पार्कमध्ये आणला. गाडी गरम झाल्यावर पट्टी पुन्हा पाहिली, आणखी थोडं तेल घातलं, तेव्हा कुठे ते खुणेवर आलं. हिरूने खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला. इंजिन दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं. पुठ्ठा बाहेर काढला, तर कोरडा. त्याने तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"एक चक्कर मारू या," शितल म्हणाली. "तुम्ही बसा शेजारी."

उधव्याच्या रस्त्याला पहिला चढ लागला. तिने पाय दाबला. गाडीने गिअर धरला आणि सरळ वर चढली. हिरूचा डावा पाय नकळत क्लच शोधत होता. त्याचं त्यालाच हसू आलं.

"मॅडम, हे पुस्तक मराठीत मिळतं का?"

"नाही. पण रविवारी येते. गाडी पुन्हा उचलू आणि एकेक भाग दाखवते. तुम्ही मला क्लॅम्प कसा आवळायचा ते शिकवा."

"या. रविवारी गॅरेज बंद असतं, पण तुमच्यासाठी उघडू."

त्याला गॅरेजवर सोडून ती निघाली. पेटी उघडून पाहिली होती. बर्फ अजून शाबूत होता. पाड्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. आंब्याखाली गुरं उभी होती आणि पांड्याची बायको रूपी एका तापट खोंडाची वेसण धरून मघापासून त्याला शिव्या घालत होती. शितलने सिरिंज भरली, उजव्या पायावर भार घेतला आणि सगळ्यात आधी त्या खोंडाकडेच गेली.