अर्धं पाऊल

गोदामाच्या वरच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला ताई ची या संथ चिनी व्यायामाचा वर्ग भरायचा, आणि तिथले तीस लोक एका ठरावीक वळणावर डावं पाऊल अर्धंच टाकायचे. आधीची सगळी पावलं चांगली लांब, मग हे एकच आखूड, आणि त्यावर क्षणभर थांबायचं. नव्या माणसाला मास्तर आवाज खाली आणून सांगत, की हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही, हे आमच्या गुरुजींचं मर्म. नवा माणूस भारावून जाई. बावीस वर्षं सांगूनसुद्धा मास्तरही दर वेळी भारावत.

मास्तर मूळचे असे संथ नव्हेत. तरुणपणी ते कराटेत होते. तेव्हा त्यांना अहो-जाहो कुणी करत नव्हतं, आपणही नको करूया. तो विटा फोडायचा, आणि फोडून झाल्यावर कोण कोण बघतंय ते बघायचा. एकदा खांदा निखळला, तेव्हा कुणीतरी त्याला एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे धाडलं. दुकानामागच्या खोलीत ते सात-आठ जणांना ताई ची शिकवायचे. पहिलं वर्षभर त्यांनी या पठ्ठ्याला नुसतं उभं केलं. गुडघे किंचित वाकवून, हात मोठं पिंप कवटाळल्यासारखे धरून. विटा फोडणाऱ्याचे पाय पाच मिनिटांत लटपटायला लागले. पण गडी हट्टी, टिकला. पाचव्या वर्षी हालचालींची सगळी मालिका त्याला पाठ होती.

सहाव्या वर्षी त्याला दिसलं, की एका वळणावर घड्याळजी हल्ली डावं पाऊल अर्धंच टाकतात. विचारलं तर म्हणाले, "माझं बघू नकोस. तू तुझं पूर्ण टाक."

साधं, सरळ सांगणं. पण याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा हातचं राखून शिकवतोय, दुसरं काय. मग याने घरी आरशासमोर दोन महिने जीव तोडून ते अर्धं पाऊल घोटलं, त्यावरच्या थांब्यासकट, आणि एके दिवशी सगळ्यांसमोर तंतोतंत टाकून दाखवलं. वर घड्याळजींकडे बघून हसला. चोरलं की नाही, असं ते हसू होतं.

घड्याळजींनी वर्ग लवकर आवरला. पुढचे आठ दिवस त्यांनी याची एकही चूक सुधारली नाही. मर्म उघडं पडलं म्हणून म्हातारा रुसला, अशी याने स्वतःची समजूत घातली आणि निरोपही न घेता वेगळा वर्ग काढला. चार वर्षांनी घड्याळजी वारल्याचं कानावर आलं, तेव्हा आपल्याला कुणी कळवलं कुठे, असं म्हणून घरीच बसला.

गेल्या आठवड्यात चाळिशी ओलांडलेल्या एक बाई गुडघ्याला पट्टा बांधून वर्गात आल्या. डॉक्टरांनी त्यांना ताई ची करून बघा म्हटलं होतं. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, आज नुसतं बघा म्हणाले. वळणावर तीस पावलं एकदम आखूड पडली, तशा बाई खुर्चीतून उठल्या. वर्ग संपेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, हे कुठे शिकलात. मास्तरांनी ठेवणीतला आवाज काढून घड्याळजींचं नाव सांगितलं.

"मी त्यांची मुलगी," बाई म्हणाल्या. "बाबांचा हाच गुडघा गेला होता. पाय टेकला की कळ यायची, म्हणून थांबायचे. चारचौघांत त्यांना वेडावून दाखवणारे ते तुम्हीच ना? आता तीस जणांकडून करून घेताय?"

"ताई, मला ते मर्म वाटलं," मास्तर चाचरत म्हणाले. "शपथेवर सांगतो. त्यांना दुखतंय हे मला कळलंच नाही."

बाईंनी त्यांना नीट निरखून बघितलं. सहा वर्षं रोज ज्यांच्या पावलांवर डोळे लावले, त्यांच्या चेहऱ्याकडे या माणसाने धड बघितलंच नव्हतं, हे त्यांना पटलं असावं. राग ओसरला, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं.

"बाबा मला दाराशी बोलवायचे," बाई म्हणाल्या. "तुमचं पूर्ण पाऊल दाखवायला. म्हणायचे, माझं असं पडायचं, बघून ठेव. त्या दिवसानंतर कधी बोलवलं नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गाला सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. आजपासून पाऊल पूर्ण टाकायचं म्हणाले. लोकांनी टाकलं, चुकतमाकत का होईना. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. निदान त्यांना तरी ते पाऊल पुन्हा दिसावं म्हणून मास्तर एकटे पुढे आले. गुडघे धडधाकट होते, समोर भरपूर जागा होती. वळण आलं, डावं पाऊल निम्म्यावर गेलं आणि तिथेच टेकलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तिथेच.

तिसऱ्या वेळी बाईंनीच त्यांना थांबवलं.

"राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "ते आता बाबांसारखंच पडणार."