भोंग्याआधी सफरचंद

"आजपासून या घरात नवं युग सुरू होतंय," ताईंनी उभं राहून जाहीर केलं. "आता मागे वळून बघायचं नाही."

सगळ्यांनी पुढे बघितलं. पुढे बशी होती. बशीत गाजराचा एक तुकडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. उकडलेला.

युगाच्या मानाने तुकडा लहानच होता. पण ज्याच्यासाठी तो मांडला होता तो ढोल्या त्याच्याकडे असं बघत होता, जणू गाजरच आपल्याला खाणार आहे.

ढोल्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या कागदांवर वापरलं जायचं. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानात आलेला मोठा काटा तपासायचा असला की वजनं चढवत बसण्यापेक्षा तो स्वतःच वर उभा राहायचा. एके दिवशी काट्याने हात टेकले. ढोल्याने तो उघडला, आतली मोडलेली स्प्रिंग हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला आणि संध्याकाळी बायकोला म्हणाला, "अगं, वजनाच्या त्या ऑपरेशनचं आपण विचारू या का?"

स्प्रिंग हे निमित्त. खरं दुखणं वेगळं होतं. दर रविवारी बागेत जो बँड वाजतो, त्यात ढोल्या अंगाभोवती गुंडाळलेला मोठा पितळी भोंगा वाजवायचा. ढोल्याकडे भोंगा आणि ढोल त्याच्या बायकोकडे, यात काही चुकतंय असं बँडमध्ये कधी कुणाला वाटलं नाही. बँडपुढे काठी घेऊन उभ्या राहायच्या ताई. पण गेल्या वर्षी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर भोंगा एकदम गप्प झाला. लोकांनी वळून बघितलं. भोंगा जागेवर होता, ढोल्याही होता. श्वास नव्हता.

तेव्हापासून त्याच्या जागी दातांचे एक डॉक्टर वाजवत होते. माणूस सज्जन. पण प्रत्येक सूर असा हळूच काढायचे, जणू भोंग्याला आधी सांगतायत, थोडंसं दुखेल हं.

तर ऑपरेशन झालं. जठराचा बराचसा भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली. सुरुवातीला पातळ, मग घोटलेलं, आणि आता भाज्या-फळांची पाळी आली होती. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, "भोंगा वाजवायला माझी ना नाही. पण चमचाभर दह्यावर उभे राहून फुंकाल तर भोंग्यासकट आडवे व्हाल. आधी जेवण नीट सुरू होऊ द्या."

म्हणजे भोंग्याची वाट गाजरावरून जात होती.

आहार सांगणाऱ्या बाईंनी नियम दिले होते. आधी उकडलेलं, मऊ, बिनसालीचं, बिनबियांचं. एका वेळी एकच नवी वस्तू. तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही. आणि पोट भरल्याची खूण ओळखायची. ही खूण प्रत्येकाची निराळी असते म्हणे. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते. ढोल्याचं नाक गळायचं. पूर्वी भरलेलं ताट संपलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आता चार चमच्यांत नाकच सांगायचं, बस.

"हळू चावा म्हणजे किती हळू?" ढोल्याने गाजराला विचारल्यासारखं विचारलं.

"ते मी बघते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून काठी काढली.

इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस आपापलं चावतो. या घरात तिघांचा जन्म ठोक्यावर गेलेला. ताईंनी काठी उचलली, बायकोची बोटं आपोआप टेबलावर ताल धरू लागली आणि ढोल्याचा जबडा हलायला लागला. गाजर संथ लयीत गेलं. दुधी त्याहून संथ. पिकलेलं केळं तर अंगाईच्या चालीवर उतरलं. बाईंनी फोनवर शाबासकी दिली. ताईंनी ती स्वतःकडे ठेवून घेतली.

मग आलं पेअर. सोललेलं, मऊ, नियमात बसणारं. दोष पेअरचा नव्हताच. त्या दिवशी ताई बागेतल्या कार्यक्रमाची तालीम आटोपून तशाच आल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात अजून कवायतीची चाल घुमत होती. काठी संथ सुरू झाली खरी, पण दुसऱ्या फोडीला ती घोड्यावर बसली. बायकोची बोटं मागोमाग धावली. ढोल्याचा जबडा बिचारा हुकमाचा ताबेदार. शेवटी ताईंनी काठी हवेत गोल फिरवून खाली आणली. बँडमध्ये याचा अर्थ एकच, संपलं. ढोल्याने गिळलं.

पेअर संपलं नव्हतं. ते छातीच्या मध्यावर जाऊन बसलं.

ढोल्या उठला. छातीवर हात ठेवून तो खोलीत फेऱ्या मारू लागला. तोंडाला पाणी सुटत होतं आणि ते गिळता येत नव्हतं. बायकोने बाईंना फोन लावला. वर पाणी देऊ नका, ताठ बसू द्या, थोड्या वेळात उतरलं नाही तर सरळ इकडे घेऊन या, असं त्या म्हणाल्या. ताई काठी हातात तशीच धरून दाराशी उभ्या होत्या. भावाच्या कपाळावरचा घाम त्यांना तिथूनही दिसत होता.

पेअर उतरलं. भीती तेवढी वरच राहिली.

"माझं दह्यावर भागतंय," दुसऱ्या दिवशी ढोल्या म्हणाला. गाजर आणलं तर म्हणाला, "राहू दे." केळं आणलं तर तोंड फिरवलं. बाईंनी बोलावून सगळं तपासलं, काही वावगं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकेक पायरी समजावून दिली. तो मान डोलवून घरी आला आणि दह्याचं भांडं पुढे ओढून बसला. अंगावरचे कपडे सैल होत होते आणि चेहराही. संध्याकाळी तो भोंग्याच्या रिकाम्या पेटीवर पाय ठेवून बसायचा, कारण भोंगा दातांच्या डॉक्टरांकडे होता.

"चूक कुणाची, ते एकदा ठरवून टाकू," ताई एकदा म्हणाल्या.

"नको वन्सं," ढोल्याची बायको म्हणाली. "ठरवलं तर तुम्हालाच जड जाईल."

ताई गप्प बसल्या. घरातल्या भांड्यांनाही ते नवीन होतं.

नंतरच्या आठवड्यांत बायकोने टेबलावर बोटं ठेवणं सोडलं. ती ढोल्यासमोर बसायची, उकडलेला भोपळा त्याच्याजवळ सरकवायची आणि खिडकीबाहेर बघत शेजाऱ्यांच्या चुगल्या सांगायची. चुगलीला ठेका नसतो. ती मध्येच थांबते, मागे जाते, "अगं बाई, हे तर सांगायचंच राहिलं" म्हणते. ऐकता ऐकता ढोल्या कधी खायचा, कधी विसरायचा. भोपळा परत आला. मागोमाग केळं आलं. न उकडलेल्या फळाच्या पातळ फोडींना बाईंची परवानगी कधीच मिळाली होती. ढोल्याची मिळत नव्हती.

एका तालमीला बायको त्याला घेऊन गेली. भोंग्याच्या कळांना तेल द्यायचं काम तो डॉक्टरांना करू देत नसे, एवढं निमित्त पुरलं. तालमीची खोली बागेच्या मागची, खुरपी आणि पाण्याचे पाइप ठेवायची. मध्यंतर झालं तशी बायकोने ढोल आडवा केला आणि त्यावर सफरचंद ठेवलं.

हे त्यांचं जुनंच होतं. दर मध्यंतरात ढोलावर सफरचंद, एक चावा त्याचा, एक तिचा. त्याचा एक चावा झाला की तिच्या वाट्याला देठच यायचा, आणि तरी ती दर वेळी एकच सफरचंद आणायची. ऑपरेशननंतर तिने सफरचंद आणलं नव्हतं.

तिने ते सोललं, त्याची एक फोड काढली. इतकी पातळ, की पलीकडच्या ताई त्यातून दिसल्या.

"अहो, धरा."

"सोललंय ना?"

"तुमच्या डोळ्यांदेखत."

"ठोका कोण देणार?"

"कुणी नाही."

ताईंचा हात सवयीने वर गेला होता. "वन्सं," बायको वर न बघता म्हणाली, "काठी."

ताईंनी काठी खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

ढोल्याने फोड तोंडात घातली. चावू लागला. खोलीत त्याच्या जबड्याशिवाय आवाज नव्हता. मध्यंतर संपलं, सनईवाले येऊन बसले, झांजवाला येऊन बसला. ताई उठल्या नाहीत.

"उजवीकडेच चावतायत," दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले. "डावीकडची मागची दाढ बघायला हवी."

"डॉक्टर, आत्ता नको," बायको म्हणाली.

ढोल्या चावत राहिला. मध्ये थांबला, सगळे पुढे झुकले, पण तो फक्त बायकोला विचारत होता, "शेजाऱ्यांच्या जावयाचं काय झालं मग?"

"ते घरी सांगते. चावा."

मग त्याने गिळलं. हात आपसूक छातीवर गेला आणि तिथे थांबला. खिडकीबाहेर माळी कुठेतरी पाइप ओढत होता.

"गेलं," ढोल्या म्हणाला.

"कुठे?" ताईंनी विचारलं.

"जायचं तिथे." आणि त्याने हात पुढे केला. "आणखी एक दे."

दुसरी फोडही गेली, तेवढ्याच सावकाश. उरलेलं सफरचंद बायकोने उचललं आणि कचकन चावा घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या वाट्याला देठाखेरीज काही आलं होतं.

डॉक्टरांनी आपल्या खांद्यावरचा पट्टा सोडवला, भोंगा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि ढोल्याच्या मांडीवर ठेवला. तो आता अंगाला चांगलाच सैल बसत होता. ढोल्याने ओठ लावले आणि सर्वांत खालचा, लांबच लांब सूर काढला. खुरपी थरथरली. गेल्या वर्षी जिथे तुटला होता, त्याच्या पुष्कळ पुढे तो गेला आणि आपणहून थांबला.

ताई उठून उभ्या राहिल्या. डोळे पुसले, काठी उचलली, घसा साफ केला.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "माझ्या भावाने आज या बँडच्या इतिहासात एक नवं..."

"ताई," ढोल्या घाईने म्हणाला, "जरा रुमाल देतेस? नाक गळतंय."