काच बसायच्या आत

शालनबाईंनी सात महिने लेकाला स्वतःच्या हातानं घास उचलू दिला नाही. रोहिदासला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. घरी आल्यावर त्यानं भाकरीचा तुकडा मोडायला घेतला, तर निम्मं कालवण मांडीवर. डावा हात पुढं केला, तर म्हातारीनं ताटच ओढून घेतलं. कुरुळीच्या त्या घरात डाव्या हातानं कुणी जेवलं नव्हतं, आणि अन्न सांडलेलं तर त्यांना मुळीच खपत नसे. "मी हाय की अजून," म्हणाल्या, आणि भरवायला बसल्या. आता ह्याला माया म्हणा नाहीतर हट्ट म्हणा.

सून पूनम एकदाच म्हणाली, "आत्या, सांडलं तर सांडू द्या, पण त्यांचं त्यांना खाऊ द्या."

"तुला शिफ्टची घाई. तुला काय कळतंय लेकराचं?" म्हणत शालनबाईंनी पुढचा घास भरवला.

शेवटी पूनमनंच त्याला दिघीच्या दवाखान्यात नेलं. शालनबाई सोबत होत्याच. व्यायाम घेणाऱ्या करिष्मा मॅडमनी हात तपासून विचारलं, "घरी हा हात वापरतात का?" "मीच भरवती की," शालनबाई म्हणाल्या.

"मेंदूत चेतापेशींच्या भोवती ताऱ्यांसारख्या दुसऱ्या पेशी असतात," मॅडम म्हणाल्या. "नवे जोड तयार व्हायला, टिकायला त्या मदत करतात. पेशींच्या मधल्या जागेत जाळं असतं. झटक्यानंतर काही महिने ते सैल असतं. तेव्हा हात वापरला तर जोड भराभर होतात. पुढं ते घट्ट होतं. व्यायामानं थोडा फरक पडेल, पण गेलेले महिने परत येत नाहीत."

शालनबाईंना त्यातलं काही उमगलं नाही. घरी येऊन त्यांनी लेकालाच विचारलं. रोहिदास चाकणच्या कंपनीत गाड्यांना पुढच्या काचा चिकटवायचा. जड जिभेनं एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "गोंद लावून काच ठिवली... की दहा मिनिटं हलवता येती. मंग बसती."

"अन् आपली?"

"बसली."

"म्हंजी म्या भरवलं म्हणून?"



त्या दिवशी दुपारी त्यांनी ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि आपले हात पदराखाली घट्ट धरून बसल्या. त्याची बोटं भाकरीवरून घसरत राहिली. कालवण सांडलं, त्यांनी सांडू दिलं. भाकरी गार झाली तरी तुकडा काही मोडला नाही. मग रोहिदासनं हात मांडीवर ठेवला, आईकडं पाहिलं, आणि रोजच्यासारखा आ केला.