एका सहीसाठी अडलेली लिफ्ट

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या भावाचा बसला नाही, तर तुमचा काय बसणार! पण सरकून बसा आणि ऐका. दक्षिण कोरियातल्या दाएगू शहरात, आमच्या या पंचवीस मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये एका दुपारी चाळीस किलो कोबीची किमची, म्हणजे आमचं तिखट लोणचं, घातली गेली, तीही लिफ्ट अधांतरी लटकलेली असताना.

तेव्हा आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष होते कू बोंग-सू. माणूस टापटिपीचा. लिफ्टमध्ये शिरला की दार बंद करायचं बटण असं दाबायचा, जणू मागून वाघ येतोय. कोणी धावत येताना दिसलं तर दोन बोटांनी दाबायचा! आणि सूचना इतक्या चिकटवलेल्या, की आरशात आपलं फक्त कपाळ दिसायचं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्याने नवी टूम काढली. सामान पोचवणाऱ्यांनी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने चढायचं! का, तर त्यांच्या ढकलगाडीपायी लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते आणि रहिवाशांचा खोळंबा होतो. निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या हव्या होत्या. लोकांनी न वाचताच ठोकल्या. आपणही तेच करतो की नाही, खरं सांगा! शेवटी एकच सही कमी पडली. आणि सतराव्या मजल्यावरच्या प्यो आजी कागद दिसला की म्हणायच्या, "चष्मा सापडत नाही रे."

आमच्याकडे सामान आणायचा यॉम. पन्नाशीचा, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. तो पहारेकऱ्याला म्हणाला होता, "जिना चढायचा म्हणजे ही इमारत सोडायची. आणि मी इमारत सोडली की कंपनी मला सोडणार."

हे सगळं कधी, तर वर्षाची किमची घालायच्या आठवड्यात! घरोघरी मिठात मुरलेल्या कोबीची खोकी येत होती, एकेक वीस किलोचं. अशा आठवड्यात जिन्याचा कायदा करणारा माणूस आमच्याच गावात निपजायचा!

तर त्या दुपारी प्यो आजी लेकीकडून किमचीच्या मसाल्याची बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. मागोमाग कागद घेऊन अध्यक्ष. तेवढ्यात दोन खोकी घेऊन यॉमची ढकलगाडी आली.

"तू पुढच्या खेपेला ये," अध्यक्षांचं बोट बटणावर.

आजींनी दारात पाय घातला. "येऊ दे रे त्याला. तो काय चावतो?"

चार हा आकडा आमच्याकडे 'मरण' या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून अशुभ; म्हणून त्या मजल्याच्या बटणावर आम्ही 'एफ' लिहून ठेवलंय. लिफ्ट अडकली ती नेमकी तिथेच!

घंटा वाजवून झाली. माणूस येईपर्यंत थांबा, असं उत्तर आलं. अध्यक्षांना सुचलं काय, तर कागद! "आजी, आता चष्मा तुमच्या नाकावरच आहे."

"आहे खरा," आजी म्हणाल्या, आणि सगळा कागद मोठ्याने वाचू लागल्या. "यॉम, तूही ऐक हो, तुझ्याबद्दलच आहे."

यॉम खोक्यांकडे बघत राहिला. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. लिफ्टमध्ये नजर लपवायला जागा ती किती!

वाचून झाल्यावर आजींनी विचारलं, "ही खोकी कुणाची रे?"

"बावीसशे तीन, आजी."

अध्यक्षांचे कान मिरचीसारखे लाल! ते त्यांचंच घर.

"अरे वा! बोंग-सू, मी सही करते. फक्त एक खोकं उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेव."

अध्यक्षांनी उचललं. गुडघ्यापर्यंत आलं, कंबर कट्‌ झाली, आणि ते खोक्यावरच बसले.

"असली दोन," आजी म्हणाल्या, "बाविसाव्या मजल्यापर्यंत."

"पण आजी, लिफ्टचा खर्च आपण रहिवासी भरतो..."

"आणि आपल्या घरी सामान काय उडत येतं? तो स्वतःसाठी वर चढतो का रे? त्याचं कोण राहतं इथे? तुझ्या ताटातलं तुझ्या दारात यावं म्हणून चढतो, बाबा!"

तेवढ्यात यॉमच्या पोटातून असा आवाज आला, की लिफ्ट सुरू झाली असं तिघांनाही वाटलं. सकाळपासून उपाशी! आजींनी खोकं उघडलं, पानाला मसाला फासला, गुंडाळी करून त्याच्या तोंडात घातली. दुसरी अध्यक्षांच्या तोंडात. "आता हात रिकामे कशाला?" म्हणत त्यांनी दोघांनाही कामाला लावलं. तीन तास! तेवढ्यात काय झालं ठाऊक आहे? अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने एक पान गुंडाळलं आणि यॉमच्या तोंडाशी धरलं.

"यॉमदादा, चुकलो! खा."

सह्यांच्या कागदाला त्यांनी हात पुसले. दार उघडलं तेव्हा वास पंचविसाव्या मजल्यापर्यंत पोचला होता आणि लोक वाट्या घेऊन रांगेत उभे होते! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एकच सूचना उरली: 'सामान घेऊन येणाऱ्यासाठी दार धरून ठेवा.'

तर नागरिकहो, सही करण्याआधी वाचा, आणि वाचताना तो नियम ज्याच्या पायांवर पडणार आहे त्या माणसाकडे एकदा बघा. ज्याच्या कष्टांवर आपलं घर चालतं, त्याला जिना दाखवू नका!

माझी बायको इतका वेळ शेजारी लसूण सोलत बसली होती.

"तीन तास?" ती म्हणाली. "अकरा मिनिटं! आणि हा कू कोण हो? या इमारतीत कू नावाचा अध्यक्ष कधी झालाच नाही. ज्या बाहीवरचे तिखटाचे डाग मी दोन दिवस घासत होते, ती तुमच्या शर्टाची!"