ओळ देणारी बाई

तिसऱ्या ओळीवर मार्लीस क्नोपचं गाणं अडकलं. ज्या गाण्यावर ती बेचाळीस वर्षं जगली, तेच ऐन रंगीत तालमीत डोक्यातून साफ उडालं.

पहिल्या रांगेतून ओळ आली. तिथे छोट्या दिव्याखाली संहिता मांडीवर घेऊन गेर्लिंडे बसायची, नटांना विसरलेले शब्द पुरवणारी प्रॉम्प्टर. एरवी ती कुजबुजायची. आज तिनं ओळ गुणगुणली. ‘दिवा विझू नको देऊ, मी घरी येते.’ आणि ‘घरी’च्या आधी तिच्या आवाजाला एक बारीकशी उचकी लागली.

मार्लीसनं चमकून त्या दिव्याकडे पाहिलं.

ती उचकी घराघरात ओळखीची होती. रेकॉर्डवर बारा वर्षांची ‘छोटी मार्ली’ तिथे जराशी अडखळे आणि घरोघरच्या आया रुमाल शोधत. त्याच रेकॉर्डमुळे टीव्ही, मग नाटकाची शाळा, मग वेझर नदीकाठच्या या गावातल्या नाट्यगृहात अभिनेत्रीची कायमची जागा. मोठेपणी मात्र ती उचकी तिला कधीच साधली नव्हती. वय झालं, दुसरं काय, असं ती म्हणायची.

“काय झालं, मार्लीसबाई?” दिग्दर्शक टोर्बेन ओरडला. तिशीतलं पोर, नाट्यगृहातही गळ्यातला मफलर काढत नसे. “हे गाणं तर माझी आजी झोपेतसुद्धा म्हणते!”

“मग संध्याकाळी आजीलाच उभी कर,” मार्लीस म्हणाली.

कँटीनमध्ये गेर्लिंडे बटाट्याचं सूप ढवळत बसली होती. मार्लीस तिच्यासमोर जाऊन बसली.

“ती उचकी कुठून शिकलीस?”

चमचा थांबला. “शिकायची कशाला? लहानपणापासूनची आहे. घाबरले की लागते. तू ते गाणं विसरलीस, मी घाबरले.”

“गेर्लिंडे!”

“ओरडू नकोस. संध्याकाळी पहिला प्रयोग आहे, घसा सांभाळ.” मग ती सुपाकडे बघतच बोलली. “मी अकरा वर्षांची होते. चर्चमध्ये गायचे. तुझे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, मुलीचे टॉन्सिल काढलेत, आवाज बसलाय, रेकॉर्ड तर नाताळाआधी निघायलाच हवी. एका दुपारचं काम. मला चाकांचे बूट मिळाले. कुठे बोलायचं नाही म्हणून आईनं कागदावर सही केली.”

स्टुडिओत दोन दिवस ती घोगऱ्या आवाजात रडत रडत गायली होती. रेकॉर्ड आली तेव्हा तिनं विचारलंही होतं, बाबा, हे मीच? “यंत्रानं साफसूफ केलंय,” बाबा म्हणाले होते. बापाच्या शब्दावर कोण संशय घेतो?

“म्हणजे मी आयत्या बिळावरचा नागोबा.”

“नागोबाला तरी ठाऊक असतं गं. तुला ठाऊक नाही, हे मला इथे आले त्या पहिल्याच वर्षी कळलं.”

“आणि तरी एकोणीस वर्षं मला ओळी देत बसलीस?”

“एकोणीस वर्षं तू ते चुकीचं म्हणत होतीस!” गेर्लिंडे एकदम चिडली. “जीभ चावून बसायचे मी. आज निसटलं तोंडातून, झालं.” तिनं सूप पुढे ओढलं. “कुणाला सांगू नकोस. प्रेक्षकांना माझा आवाज ऐकू न येणं हेच माझं काम.”

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. तिसऱ्या रांगेत पिकल्या केसांची माणसं सहीसाठी जुन्या रेकॉर्डची कव्हरं घेऊन बसली होती.

गाणं आलं. मार्लीस पहिल्या दोन ओळी नीट गायली. तिसरीत ‘मी’पर्यंत आली आणि थांबली.

प्रॉम्प्टरला नियम एकच, नट थांबला की ओळ द्यायची. “घरी येते,” गेर्लिंडे कुजबुजली. मार्लीसनं ओळ घेतली नाही. गेर्लिंडेनं पुन्हा, जरा मोठ्यानं दिली. पियानोवाला तेच दोन सूर घोळवत राहिला. उद्या लोक म्हणतील, म्हातारी विसरली. म्हणोत. ती पहिल्या रांगेकडे बघत उभी राहिली.

शेवटी गेर्लिंडे घाबरली, आणि गायली.

उचकी लागली. मग ‘घरी’ आलं, सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरचं कव्हर छातीशी धरलं. तिची नजर रंगमंचावर नव्हतीच, त्या छोट्या दिव्याकडे होती.

पुढची ओळ मार्लीसनं घेतली नाही. ती रंगमंचाच्या कडेला खाली बसली आणि ऐकू लागली.