मेंढवाड्यातला मणी

एसेनकुलच्या मेंढवाड्याभोवती अख्खं गाव जमलं होतं. मधोमध दाणे पाहून हरवलेलं सांगणारा कालमत बसलेला, नारीन शहराहून मुद्दाम बोलावलेला. समोर रुमालावर घेवड्याचे दाणे. तो त्यांचे ढीग करायचा, मोडायचा, डोळे मिटून कान लावायचा. दक्षिणा म्हणून दिलेला मेंढा त्याच्या गाडीत आधीच चढला होता.

"दाणे थंड पडले," तो म्हणाला. "पोर मातीत आहे."

बुरुल गर्दीतून पुढे आली. तिचा पोरगा नुरदोस मागच्या वसंतात कुरणातून नाहीसा झाला. त्याच्याआधी पलीकडच्या खोऱ्यातली दोन पोरं. एकाचाही पत्ता नाही. आणि एसेनकुल त्या सगळ्याआधीच्या हिवाळ्यात तुरुंगातून परत आलेला. बाजारातून एक मुलगी पळवली म्हणून शिक्षा झाली होती त्याला, ती खोटी नव्हती. या पोरांसाठीही पोलिसांनी त्याला नेलं, पण काही हाती लागेना म्हणून सोडलं. आता गावाने त्याला खांबाला बांधलं होतं. ओठ फुटलेला, मान खाली.

कालमतने खांबाखालची ओली माती उकरली. हात बाहीसकट आत घातला, पुटपुटला आणि मणी काढला. काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला. नजर लागू नये म्हणून इथे प्रत्येक पोराच्या खांद्यावर शिवतात, तसला.

बायका रडायला लागल्या. कुणीतरी पेट्रोलचा डबा आणला.

"ओळखलास का गं?" सासूने विचारलं.

बुरुलने ओळखला. दोरा तिचा, गाठ तिची. हो म्हणायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली.

"हा नुरदोसने कधी घातलाच नाही."

पोरगा गेला तेव्हा अंगावर मणी नव्हता. त्यावरून सासू हिवाळाभर बोलत होती, मणी असता तर पोर राहिलं असतं. शेवटी बुरुलने पेटीतल्या त्याच्या सणाच्या जाकिटाला मणी शिवला. पोरगा गेल्यानंतर. आणि तेच जाकीट काल कालमतने मागून नेलं होतं, दाण्यांना वास लागू दे म्हणून.

"जाकीट दाखवा, कालमतदादा."

"शंका घेतली की दाणे आंधळे होतात, ताई."

"होऊ देत."

तिने त्याची पिशवी रुमालावरच पालथी केली. दाणे उधळले. जाकिटाच्या खांद्यावर लाल दोऱ्याची कापलेली टोकं होती. सासूने बोट फिरवलं, मणी लावून पाहिला. मग कालमतच्या लांब बाहीकडे बघून म्हणाली, "म्हणजे मातीत नव्हता. इथे होता."

कालमत गाडीकडे सरकला. कुणीतरी मेंढा उतरवून घेतला. पण पेट्रोलचा डबा धरलेला माणूस हटेना. मणी खोटा असेल, पण एसेनकुलने मुलगी पळवलेली तर खरी आहे, असं त्याचं म्हणणं.

बुरुल आडवी आली. "असेल. माझाही संशय त्याच्यावरच आहे. पण संशय म्हणजे पुरावा नाही. हा जळला तर मी विचारू कुणाला? आणि याने नेलं नसेल, तर ज्याने नेलं त्याला उद्यापासून कुणी शोधणारसुद्धा नाही. दाण्यांच्या मागे लागून आपण कुरणाखालचा नदीकाठ तरी नीट पाहिला का? कुणी काही दाखवलं तर आधी विचारा, हे इथे आलं कसं."

डबा खाली ठेवला गेला. पोलिसांना निरोप धाडला. बुरुल खांबासमोर मातीत बसली.

"मी नाही नेलं," एसेनकुल हळूच म्हणाला.

"ते मी अजून मानलेलं नाही," ती म्हणाली. "बोल. गुरं कुरणात चढली, नुरदोस नाहीसा झाला, त्या दिवशी तू कुठे होतास?"