जोडीचा दगड

दगड घरात आणून पुसून ठेवले ही आपली चूक झाली, हे तिला घणकाका परत आल्यावर कळलं.

घणकाका म्हणजे बाबांचे खाणीतले जोडीदार. पहार बाबांच्या हातात, घण यांच्या, असं दोघांचं उभं आयुष्य गेलं. नाव घणकाका, पण आवाज इतका हळू की कान देऊन ऐकावं लागे. घरामागच्या उतारावर राखाडी दगडाचे थर होते आणि थरांत मासे. कोण्या काळी तिथे तळं होतं. गाळ बसत गेला, मासे त्यात निजले ते निजलेच. दोघं ते दगड काढत, मासे मोकळे करत आणि संग्रहालयांकडे पाठवत. उन्हाळा सरता सरता एका संध्याकाळी खाणीतून आल्यावर बूट काढताना बाबा गेले. पुढचं सगळं उरकलं. काका पाठीच्या दुखण्यापायी आपल्या लेकीकडे गेले, आणि घर आवरून कुलूप लावायला ती एकटी मागे राहिली.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. कुठे काही अस्ताव्यस्त दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. अंगणात नळापाशी ओल्या पोत्यांखाली दगड पडले होते, पोत्यांना कुबट वास येत होता. तिने उचलतील तेवढे दगड आत आणले, त्यांच्यावरच्या खडूच्या रेघा फडक्याने पुसल्या आणि शेगडीशेजारी भिंतीला लावून नीट मांडले. काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात. हे दगड राखाडी होते, रेघा एका हातासरशी पुसल्या गेल्या. पुढे दगड सुकले, तसे त्यांचे पापुद्रे सुटायला लागले. जमिनीवर कपच्यांचा सडा पडे. तो झाडून तिने बादलीत भरला आणि फाटकापाशी चिखल होता तिथे ओतला. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय भरायचे थांबले.

एक दगड मात्र तिला हलला नाही, म्हणून तो नळापाशीच राहिला. त्याच्या कडेला शेपटीचं टोक दिसत होतं, नखाएवढं. हा दगड तिच्या ओळखीचा होता. बाबा फोनवर म्हणाले होते, "या खेपेचा मोठा आहे. थंडी पडली की ये, तुझ्या हातानं उघडू." येते म्हणून तिने रजेचा अर्जही दिला होता. रजा मिळाली, फक्त ती आधीच, वेगळ्या कारणासाठी घ्यावी लागली.

परत आल्या दिवशी काका दारातच थांबून भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. खाणीतून निघालेला दगड सुकू द्यायचा नसतो. थराथरांत पाणी मुरलेलं असतं. पाणी गोठवणारी थंडी पडली की ते फुगतं आणि थरावरून थर अलगद उचलतं. छिन्नीने उघडायला गेलं तर मासाच दुभंगतो. छिन्नी भांडते, थंडी समजूत काढते, असं बाबा म्हणायचे. तिने लहानपणापासून उघडलेले मासे पाहिले होते. उघडायच्या दिवसांत ती कायम शिकायला बाहेर असायची.

"पोरी, इतकी वर्षं पाण्याबाहेर आहेत बिचारे," काका म्हणाले. "अजून किती वाळवशील?"

बऱ्याच दिवसांनी तिला हसू फुटलं, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

आता उरलेला हा एक तरी धड निघायला हवा होता. बाबांनी जे बघून फोन केला होता, ते तिला बघायचं होतं. ती रोज पोती भिजवू लागली. पानं गळाली, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली, पण पाणी काही गोठेना. छापखान्यातून विचारणा आली, तिने रजा वाढवली. घर विकणारा दलाल फोन करी, त्याला ती आज-उद्या करत राही. बाबांचा रेडिओ त्यांनी लावून ठेवला होता त्याच स्टेशनावर होता; ती तो लावायची नाही आणि हलवायचीही नाही. पोती भिजवताना ती दगडाला दिवसभराचं काहीबाही सांगायला लागली होती. हे लक्षात आलं त्या संध्याकाळपासून ती गप्प राहून पाणी घालू लागली.

मग एका सकाळी नळाला पाणी येईना. पोतं उचलायला गेली तर ते फळीसारखं ताठ. ती तशीच शाल ओढून काकांना बोलवायला गेली.

काकांनी लाकडी पाचर आणली, एक पातळ पातं आणलं, आणि पातं तिच्या हातात दिलं. "जोर लावायचा नाही. पुस्तकाची चिकटलेली पानं सोडवतेस ना, तसं."

ते तिला येत होतं. कडेने पातं फिरवत ती सरकत गेली. दगडातून बारीकसा आवाज झाला, आणि वरचा थर काकांच्या हातात आला.

शेपटी होती. पर होते. फणीच्या दातांसारखे काटे एकाशेजारी एक, तपकिरी, एकही न मोडलेला. पोटापर्यंत मासा आला आणि तिथे दगडच संपला. डोकं नव्हतं.

काकांनी सुटलेला थर उलटा केला. वरच्या अंगाला खडूची पुसट रेघ होती, कडेपर्यंत गेलेली. मासा दोन दगडांत असला की बाबा दगड वेगळे करण्याआधी सांध्यावरून आडवी रेघ मारत. अर्धी याच्यावर, अर्धी त्याच्यावर. म्हणजे जोडी नंतर लावता येई.

"आत नेलेल्यांपैकी कुणावर अशी रेघ होती का?"

"सगळ्यांवर रेघाच होत्या, काका."

काका भिंतीकडच्या दगडांवरून हात फिरवून आले. मान हलवली. "आणि चुरा?"

तिने फाटकाकडे पाहिलं.

चिखल गोठून दगडाहून टणक झाला होता. कपच्यांच्या कडा त्यात रुतून बसलेल्या. एकीवर काट्यासारखी तपकिरी रेष दिसली तशी ती गुडघ्यांवर बसली, नखांनी ओढून पाहिलं. कपची ढिम्म. पाणी तापवायला ती उठली, तेव्हा काकांनी तिची बाही धरली.

"गरम पाणी ओतलंस तर आहे तेही फुटेल. जमीन सुटेपर्यंत हात लावू नकोस."

"कधी सुटेल?"

"थंडी सरली की."

"तोवर टिकेल?"

"टिकला तर टिकला."

"आणि लोक यावरूनच चालणार?"

"लोक कुठले?" काका म्हणाले. "मी येतो आणि तो दूधवाला. आम्ही मारू कुंपणावरून उड्या."

नळापाशी आता पोत्यांचं काम उरलं नव्हतं. ती सगळी तिने फाटकात अंथरली, कडांवर विटा ठेवल्या आणि फाटक तारेने बांधून टाकलं. काका कुंपणाच्या मोडक्या फळीतून पाठ सांभाळत घरी गेले. दुपारी दलालाचा फोन आला, गिऱ्हाईक घर बघायला येतंय म्हणाला. तिने सांगितलं, आता नको, थंडी सरल्यावर. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, फाटक बंद आहे.

अर्धा मासा तिने शेगडीपासून लांब, बाबांच्या थंड खोलीत त्यांच्या बाकावर ठेवला आणि सुटलेला थर शेजारी. हाताळण्यात त्याच्यावरची रेघ जवळजवळ गेलीच होती. दारामागे बाबांचा कोट होता. खिशात खडूचा तुकडा सापडला. तिने त्या रेघेवरून पुन्हा रेघ ओढली, अगदी कडेपर्यंत, आणि हात उचलला.